ग्वाल्हेर किल्ल्याची अर्ध्या दिवसाची गाइडसहल: तीन तारे, आणि तळघराबद्दल जरा सविस्तर

तीन तारे दिलेत. पाच का नाहीत ते इथे लिहिते आहे, कारण कंपनीच्या ॲपवरच्या चौकोनात हे मावेना.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ग्वाल्हेरात अशी सहल विकणारे बरेच आहेत. गाड्या त्याच, गाइड तेच, बोर्ड तेवढे वेगळे. पॅकेज असं की सकाळी घरून उचलणार, उरवाई दरवाज्याने वर नेणार, वाटेत जैन मूर्ती, मग मानमंदिर (नावाला मंदिर, आहे राजवाडा), सासबहू, तेली मंदिर, ‘टाइम रहा तो’ गुरुद्वारा, आणि दुपारच्या जेवणाला परत घरी. तिकिटं आपली आपण काढायची.

मी इथलीच. चिटणीस की गोठमध्ये लहानाची मोठी झाले, आता कंपूच्या बाजूला राहते. किल्ला आमच्या गच्चीवरून रोज दिसतो. तरी गाइड केला, कारण ठाण्याहून भाचा, भाचेसून आणि त्यांची बारावीतली मुलगी आली होती आणि माझे गुडघे आता ‘चला, मी दाखवते’ म्हणण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. शिवाय घरचं माणूस सांगायला लागलं की पोरं ऐकत नाहीत, पैसे मोजलेला माणूस बोलला की ऐकतात. हा ठाण्याचाच नाही, सगळीकडचा अनुभव.

गाडी वेळेवर आली. स्वच्छ होती, एसी चालत होता, ड्रायव्हरने वाटभर गाणी लावली नाहीत. एक तारा त्याचाच.

गाइड पंचविशीतला मुलगा, इतिहासात एमए. हुशार आहे, हे आधी मान्य करते. उरवाईच्या चढावर त्याने गाडी थांबवून खडकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती दाखवल्या त्या नीट दाखवल्या. तोमर राजांच्या काळातल्या, पंधराव्या शतकातल्या या मूर्ती. बाबराने त्या विद्रूप करायचा हुकूम दिला होता आणि पुढे जैन समाजाने काहींचे चेहरे चुन्याने पुन्हा घडवले. कुठला चेहरा मूळ दगडाचा आणि कुठला नंतरचा, हे त्याने बोट दाखवून सांगितलं. मी इतकी वर्षं तिथून जाते, मला हे दिसलं नव्हतं. शून्याचंही सांगितलं. चतुर्भुज मंदिरातल्या 876 सालच्या शिलालेखात बागेची लांबी 270 हात आणि देवाला रोजच्या 50 माळा असं लिहिलंय, आणि त्यातली शून्यं आपण आज काढतो तशीच गोल आहेत. फक्त ते मंदिर दुसऱ्या वाटेवर आहे, खालच्या ग्वाल्हेर दरवाज्याकडून चालत चढणाऱ्यांच्या. गाडीच्या पॅकेजात ते ‘ऐकायला’ मिळतं, बघायला नाही. कंपनीच्या जाहिरातीत मात्र त्याचा फोटो आहे. हे बरोबर नाही.

मानमंदिराच्या दर्शनी भिंतीपाशी त्याने आम्हाला निवांत उभं केलं. निळ्या फरशांची रांग, पिवळी बदकं, हत्ती, मगरी, केळीची झाडं. मानसिंग तोमर 1486 ते 1516 राज्यावर होता, त्याच्या हौसेचं हे काम. पाचशे वर्षं ऊनपाऊस खाऊन तो निळा रंग तसाच आहे. भाचेसुनेने फोटो काढले, नातीने व्हिडिओ केला. इथपर्यंत माझे पाच तारे होते.

मग तळघर.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मानमंदिर बाहेरून दुमजली दिसतं, पण जमिनीखाली आणखी दोन मजले आहेत. मानसिंगाने ते उन्हाळ्यात गारव्याला बांधले. जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस, पायऱ्या उंच आणि मधोमध झिजलेल्या. खाली वटवाघळांचा वास. मोबाइलचा टॉर्च लावावाच लागतो. गोल दालन, भोवती खांबांची ओळ, छताला कड्या. वरून भिंतीत हवेसाठी पोकळ नळ्या सोडल्यात. त्यातल्या एकीतून भर सकाळी जमिनीवर जेमतेम रुपयाएवढा उजेड पडला होता. तेवढाच. टॉर्च बंद केला की शेजारचं माणूस दिसत नाही.

इथे गाइडचा आवाज बदलला. त्याने सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले आणि म्हणाला, “इधर रानियाँ झूला झूलती थीं. और इसी जगह मुग़लों ने क़ैदी लटकाए. रात को आज भी आवाज़ें आती हैं.” मागच्या ग्रुपमधलं एक मूल रडायला लागलं, कुणीतरी हसलं. मग मुराद बक्षची गोष्ट. औरंगजेबाचा सख्खा भाऊ, मेजवानीला बोलावून दारू पाजून पकडलेला, इथे डांबलेला. सुटकेसाठी दोराची सोय झाली होती, पण त्याच्याबरोबरची बाई निरोपाच्या वेळी मोठ्याने रडली आणि पहारेकरी जागे झाले. 1661 मध्ये इथेच मारला. गोष्ट रंगवून सांगितली. नात श्वास रोखून ऐकत होती.

मुरादला निवडतात कारण त्याच्या गोष्टीत दारू आहे, दोर आहे, रडणारी बाई आहे. पण मुराद काही निष्पाप नव्हता. गुजरातचा सुभेदार असताना त्याने अली नकी नावाच्या दिवाणाला ठार केलं होतं आणि त्याच खुनाच्या बदल्याच्या नावाखाली त्याचा निकाल लावण्यात आला. बाकीच्यांचं काय? मी गाइडला विचारलं, “बेटा, सुलेमान शिकोह को भी तो यहीं रखा था. उसने क्या किया था?”

“वो भी बाग़ी था, आंटीजी.”

बागी! सुलेमान शिकोह हा औरंगजेबाचा थोरला भाऊ, गादीच्या लढाईत हरलेला दारा शिकोह, त्याचा थोरला मुलगा. बाप हरला तेव्हा हा गढवालच्या राजाच्या आश्रयाला गेला, तिथून त्याला पकडून देण्यात आलं. 1661 च्या सुरुवातीला दिल्लीच्या दरबारात औरंगजेबापुढे उभा केला तेव्हा बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य तिथे हजर होता, त्याने लिहून ठेवलंय. पोराने काकाला एवढंच मागितलं, पोस्त देणार असाल तर आत्ताच मारून टाका. काकाने सगळ्यांसमोर शब्द दिला, पोस्त देणार नाही. पोस्त म्हणजे अफूची बोंडं रात्रभर भिजवून केलेलं पाणी. सकाळी मोठा पेला पुढे यायचा आणि तो प्यायल्याशिवाय अन्न मिळायचं नाही. माणूस महिन्यामहिन्याने वाळत जातो, बुद्धी जाते, आणि एक दिवस मरतो. कुणी तलवार उचलायला नको, कुणाच्या नावावर खून नको. आमच्याकडे मंदसौर-नीमचला डोडाचुरा म्हणतात तो हाच प्रकार, त्यामुळे यात काय होतं हे इथल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही. सुलेमान 1662 मध्ये ग्वाल्हेरातच मेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती.

त्याचा धाकटा भाऊ सिपिहर शिकोह, तोही याच किल्ल्यात वर्षानुवर्षं. औरंगजेबाचा स्वतःचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान बंगालमध्ये काही काळ शुजाकडे, म्हणजे औरंगजेबाशी गादीसाठी लढणाऱ्या भावाकडे गेला आणि परत आला, त्यालाही इथेच टाकलं, दहा वर्षांहून जास्त. यातल्या मुहम्मद सुलतानने निदान बाजू बदलली होती. सिपिहरने काय केलं होतं? दाराच्या पोटी जन्म घेतला होता. उद्या मोठा होईल, लोक त्याच्याभोवती जमतील, गादीला धोका होईल. केलेल्या गोष्टीची ही शिक्षा नाहीच. अजून न केलेल्या, कदाचित कधीच न करायच्या गोष्टीसाठी त्याला आयुष्यातली वर्षं मोजावी लागली. त्यासाठी ना साक्ष लागते ना पुरावा, आणि खोटं ठरायची सोयही नाही, कारण जे घडलंच नाही ते मी करणार नव्हतो हे सिद्ध कसं करणार?

हे मी तिथेच म्हणाले, जरा मोठ्याने. भाचा म्हणाला, “आत्या, बादशहाच्या जागी बसून बघ ना. त्याच्यासाठी ती रिस्क होती.” तो बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचं सगळं रिस्कमध्येच चालतं. गाइड बिचारा मध्ये पडला, “सर सही कह रहे हैं, सुरक्षा का मामला था.”

आता मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. मी वकिलाकडे टायपिस्ट होते, आयुष्यभर. आधी रेमिंग्टनवर, मग कॉम्प्युटरवर. ‘निरुद्ध’, म्हणजे स्थानबद्ध केलेला, हा शब्द मी इतक्या वेळा टाइप केलाय की बोटं आपोआप वळतात. आणि सुरक्षा का मामला हे शब्द आमच्या घरात 1975 साली आले होते.

माझे काका, म्हणजे या भाच्याचे चुलत आजोबा, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. मराठी, हिंदी दोन्ही, उलट्या अक्षरांत आपण सुलटं वाचतो त्याहून भरभर वाचायचे. आणीबाणी लागली 25 जूनच्या रात्री. पुढे काही दिवसांत शहरात पत्रकं सापडली, आणि ती याच छापखान्यातली असा पोलिसांचा संशय. मालक रातोरात सटकला. पत्रकं त्यानेच रात्री एकट्याने छापली होती, हे नंतर त्यानेच सांगितलं. काकांच्या हातून त्या आठवड्यात दोन लग्नपत्रिका आणि एका किराणा दुकानाचं बिलबुक गेलं होतं. सकाळी एक शिपाई आला, “साहेबांनी दोन मिनिटं बोलावलंय” म्हणाला. काका अंगात सदरा घालून, चप्पल अडकवून गेले. काकूने चहा झाकून ठेवला होता. ते घरी आले आणीबाणी उठल्यावर, 1977 च्या मार्चमध्ये.

त्यांच्यावर खटला चालला नाही. आरोपपत्र नाही. कारण सांगितलं नाही. आणि हे कुणा एका अधिकाऱ्याचं मनावर घेणं नव्हतं. मिसा, म्हणजे 1971 चा अंतर्गत सुरक्षा कायदा, त्यात आणीबाणी लागल्यावर चारच दिवसांत वटहुकमाने दुरुस्ती केली होती की अशा माणसाला त्याच्या अटकेचं कारण कळवायची गरज नाही. कायद्याच्या नावातच सुरक्षा आहे बघा. देशभर मिसा आणि संरक्षण नियमांखाली मिळून एक लाखाहून जास्त माणसं आत गेली. आमच्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे दिल्लीला तिहारमध्ये होत्या, ते सगळ्यांना माहीत आहे. कंपोझिटर कोण कुठे होता हे त्याच्या घरच्यांना माहीत.

घरचे कोर्टात का गेले नाहीत, असं नात विचारत होती. चांगला प्रश्न. माणूस कोर्टापुढे हजर करा, त्याला कशाखाली धरलंय ते दाखवा, अशी याचिका असते, हेबियस कॉर्पस. ती अनेकांनी केली, आणि नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आमचं मध्य प्रदेशचंही, सांगितलं की अशी याचिका ऐकता येते. मग सरकार वर गेलं. तो खटला ‘एडीएम जबलपूर’ नावानेच ओळखला जातो, म्हणजे आपल्याच राज्यातला. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अशा माणसाला दाद मागायचा अधिकारच नाही. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी सरकारच्या महान्यायवादींना विचारलं होतं, एखाद्या पोलिसाने निव्वळ वैरातून माणूस मारला तरी काही उपाय नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. खन्ना एकटे विरोधात राहिले. पुढे त्यांची सरन्यायाधीशाची पाळी डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. ज्या चौघांनी हो म्हटलं त्यांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. तो निकाल चुकीचा होता असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात, स्पष्ट लिहिलं, आणि लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव होते. एक्केचाळीस वर्षं लागली. काका तोवर नव्हते.

हे सगळं मी तळघरात सांगितलं असं नाही. तिथे वटवाघळं आणि मागचा ग्रुप ढकलत होता. वर आलो, अंगणात सावलीला बसलो, नातीने चिप्स फोडले, तेव्हा सांगितलं. गाइडही बसला होता. त्याला घड्याळ बघायचं होतं, पण बसला. त्याचं श्रेय त्याला देते.

भाचा म्हणाला, “पण आता नाही ना होत असं?” मिसा 1978 मध्ये गेला. 1980 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, वर्तमानपत्रात ज्याला रासुका म्हणतात. त्यात खटल्याशिवाय 12 महिने ठेवता येतं. कारणं साधारणपणे 5 दिवसांत द्यावी लागतात, ही मिसाच्या त्या दुरुस्तीपेक्षा सुधारणा आहे, खोटं कशाला बोला. प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, पण तिथे वकील न्यायचा हक्क नाही. कुठलीही अटक झाली तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करा आणि वकील मिळू द्या, हे राज्यघटनेच्या 22 व्या कलमात आहे. आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे काही करण्याआधीच आत ठेवण्याला, हे लागू नाही, हेही त्याच कलमात आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात. मी हे पहिल्यांदा टाइप करताना वकीलसाहेबांना विचारलं होतं की पान चुकलंय का. ते म्हणाले, पान बरोबर आहे, बाई.

माझं म्हणणं सगळ्यांना सोडा असं नाही. बॉम्ब ठेवणाऱ्याला धरा, खटला चालवा, पुरावा मांडा, शिक्षा करा, माझी तक्रार नाही. पण पुरावा नाही म्हणूनच ज्याला ‘सुरक्षे’त घालायचं, त्याच्यापुढे आणि सिपिहर शिकोहपुढे फरक काय, ते मला भाच्याने सांगावं. त्याने सांगितलं नाही. “तू म्हणतेस ते वेगळं आहे” असं म्हणाला. म्हणजे काय ते माहीत नाही.

आणि सुटलं की संपलं असंही नसतं, ते कुठलाच गाइड सांगत नाही. काका परत आले ते छापखान्यात गेले नाहीत, छापखानाच उरला नव्हता. नंतर एका वाण्याकडे हिशेब लिहायचे. कुठेही सही करायची वेळ आली की चष्मा सापडायचा नाही. रेशनच्या वहीत, टपालवाल्याच्या पावतीवर, माझ्या लग्नाच्या आहेरयादीवरसुद्धा. चष्मा खिशात असायचा. काकू सही करून टाकायची.

2008 मध्ये राज्य सरकारने मिसाबंदींसाठी सन्माननिधी सुरू केला. काका तेव्हा होते. मीच फॉर्म आणला. त्यात राजकीय किंवा सामाजिक कारणाने बंदी झाल्याचा दाखला लागतो. खिडकीतल्या बाबूने विचारलं, कौन सी पार्टी से थे? काका म्हणाले, कुठल्याच नाही. “फिर राजनैतिक कारण कैसे लिखें?” त्या माणसाचा दोष नव्हता, त्याच्यापुढच्या कागदात तो रकाना होता. पण बघा, आत टाकताना कारण सांगायचं नाही असा कायदा, आणि तीस वर्षांनी त्याच कारणाचा दाखला त्याच माणसाकडे मागायचा. त्यांच्या बराकीतले दोघं जण साक्ष द्यायला तयार होते, चांगले ओळखीचे, मोठ्या पदांवर गेलेले. काकांनी फॉर्म घडी करून ट्रंकेत टाकला. म्हणाले, “मी काही केलंच नव्हतं, त्याचे पैसे कसले घ्यायचे?” मला राग आला होता. अजून येतो. ज्यांनी काही केलं होतं त्यांच्या नावाने चौक आहेत, सत्कार झाले, होऊ देत. ज्याने काहीच केलं नव्हतं त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं याची सोय कुणी केली नाही.

असो. सहलीकडे येते.

सासबहू मंदिरं उरकली, तेली मंदिर बाहेरून. मग गाइड म्हणाला की उशीर झालाय, गुरुद्वारा राहू द्या. मी म्हटलं, मग पैसे परत द्या. गेलो.

दाता बंदी छोड गुरुद्वारा पॅकेजात ‘टाइम रहा तो’ या वर्गात आहे आणि माझी मुख्य तक्रार हीच. ज्या किल्ल्याला मुघलांनी तुरुंग केलं, त्या किल्ल्यावर बंदीच्या बाजूने काही सांगणारी ही एकच जागा. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद, त्यांच्या वडिलांना, गुरू अर्जनदेवांना, जहांगीरच्या हुकमाने 1606 मध्ये लाहोरला मारलं. मुलगा तेव्हा 11 वर्षांचा, त्याच वयात गादीवर आला. पुढे त्यालाही जहांगीरने इथे कैदेत ठेवलं. शीख परंपरा सांगते की सुटकेचा हुकूम आला तेव्हा गुरूंनी एकट्याने बाहेर पडायला नकार दिला. इथे 52 राजे कैदेत होते, तेही सुटले पाहिजेत. बादशहाने अट घातली, जेवढे तुमचा पदर धरून बाहेर येतील तेवढे सोडतो. गुरूंनी 52 गोंड्यांचा अंगरखा शिवून घेतला. प्रत्येकाच्या हातात एक गोंडा. दिवाळीच्या सुमाराला शीख लोक बंदी छोड दिवस पाळतात तो याचाच.

डोक्याला रुमाल बांधून आत गेलो. स्वच्छ, शांत, भरपूर उजेड. एका सेवेकरी बाबांना नातीने विचारलं, त्या 52 राजांनी काय गुन्हा केला होता? ते म्हणाले, “बेटी, ये तो किसी ने पूछा ही नहीं. गुरु साहिब ने भी नहीं पूछा. बस गिने.” कडा प्रसाद खाल्ला, लंगरमध्ये डाळ-रोटी जेवलो. मग घरचं जेवण रात्रीवर गेलं. गाइडही आमच्याबरोबर पंगतीला बसला, म्हणाला इतक्या वेळा ग्रुप घेऊन आलो, आत जेवलो पहिल्यांदाच.

उतरताना त्याने मला पोस्तबद्दल पुन्हा विचारलं आणि मोबाइलमध्ये लिहून घेतलं. बर्नियेचं नाव दोनदा विचारलं. आता पुढच्या ग्रुपला तो हे सांगतो की लटकवणारी भुतंच दाखवतो, ते मला माहीत नाही. भुतं दाखवली तर टिप जास्त मिळते, हे त्याने स्वतःच सांगितलं. कंपनी त्यांना एक छापील कागद देते, त्यात प्रत्येक जागी किती मिनिटं ते लिहिलेलं असतं. तळघराला ‘थ्रिल’ असं लिहिलंय. मी वाचलं.

म्हणून तारे असे: गाडीचा एक, गाइडचे दोन. कापलेले दोन त्या कागदाचे.

जाणार असाल तर काही सूचना. गुडघे धड असतील तर गाडी सोडा, खालच्या ग्वाल्हेर दरवाज्याने चालत चढा, शून्याचं मंदिर त्याच वाटेवर आहे आणि गुजरी महालातलं संग्रहालयही पायथ्याशी. लहान मुलांना तळघरात नेऊ नका, जिना खरंच वाईट आहे. टॉर्चची बॅटरी भरलेली ठेवा. गाइडला आधीच बजावा की गुरुद्वारा आधी, उरलं तर तेली मंदिर. पाण्याची बाटली घरून न्या. उन्हाळ्यात जाऊच नका, डिसेंबर-जानेवारी बरा.

हे परीक्षण मी थोडक्यात कंपनीलाही पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘आपका फ़ीडबैक हमारे लिए अमूल्य है’, आणि पुढच्या बुकिंगवर 10 टक्के सूट, कूपन एकदाच चालेल. मला लागणार नाही, भाचाही आता चार वर्षं फिरकायचा नाही. ग्वाल्हेरला येणाऱ्या कुणाला हवं असेल तर खाली लिहा, कोड देते.